उसातला बिबट्या आणि जंगलात शिकलेलं मॉडेल

१४ जून, पुणे

आमच्या गटाकडचं बिबट्या ओळखणारं मॉडेल जंगलातल्या छायाचित्रांवर शिकलेलं आहे. सागाची झाडं, पाणवठे, मातीच्या पायवाटा आणि त्यांवरून जाणारा बिबट्या हेच त्याने हजारो वेळा पाहिलं. तसल्या छायाचित्रांवर ते उत्तम चालतं. आता ते जुन्नर-आंबेगावच्या उसात न्यायचं आहे. गोठ्याजवळच्या कॅमेऱ्याने काही टिपलं की मॉडेलने ते पाहायचं, बिबट्या असेल तर त्याच्याभोवती चौकट काढायची आणि वस्तीवर भोंगा वाजवायचा. चित्रात काय आहे आणि नेमकं कुठे आहे, दोन्ही सांगणं हे अशा मॉडेलचं काम.

२०२२ च्या अंदाजानुसार देशात १३,८७४ बिबटे आहेत, त्यांतले १,९८५ महाराष्ट्रात. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांचा मिळून जुन्नर वनविभाग होतो. इथल्या कित्येक बिबट्यांचा जन्मच उसात झालेला आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या ऊसपट्ट्यात कॅमेरे लावून २०१३ मध्ये दाखवलं की शेती आणि माणसांच्या दाट वस्तीतही १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे राहतात. म्हणजे बिबट्या इथे पाहुणा नाही. माणसालाही इथेच राहायचं आहे. दोघांच्या मध्ये वेळेवर मिळालेली सूचना उभी राहू शकली, तर एखादं मूल वाचेल आणि एखादा बिबट्याही.

प्रश्न एवढाच, की ओळखीच्या जागी शिकलेलं मॉडेल अनोळखी जागी, वेगळ्या उजेडात, पावसात आणि धुक्यात नीट बघेल कसं? पुढच्या नोंदी त्यासाठी.

१८ जून, पुणे

सारा बिअरी, ग्रँट व्हॅन हॉर्न आणि पिएत्रो पेरोना यांचा २०१८ चा शोधनिबंध पुन्हा शांतपणे वाचला. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या वीस कॅमेऱ्यांची छायाचित्रं त्यांनी घेतली. काही जागांची चित्रं मॉडेलला शिकवली आणि परीक्षा दोन प्रकारे घेतली: एकदा त्याच जागांच्या नव्या चित्रांवर, एकदा मॉडेलने कधीच न पाहिलेल्या जागांवर. पूर्ण चित्र पाहून प्राणी ओळखताना ओळखीच्या जागी १०० पैकी १९ चित्रं चुकली, नव्या जागी ४१. प्राण्याभोवतीचा तुकडा कापून दिला तेव्हा चुका आठवरून वीसच्या आसपास गेल्या. दोन्हीकडे चुका दुपटीच्या पुढे गेल्या, पण तुकड्यावरच्या एकूण चुका निम्म्याहून कमी राहिल्या.

यातून दोन गोष्टी हाती येतात. पहिली, मॉडेल प्राण्याबरोबर जागाही पाठ करतं. कॅमेरा एका खांबाला बांधलेला असतो, मागचं झाड, दगड, कुंपण महिनोन्‌महिने तेच राहतं. अमुक दगडाजवळ नेहमी ससा दिसतो हे मॉडेलला कळलं, की सशाकडे न पाहताही ते ससा म्हणू लागतं. दुसरी, आधी प्राणी शोधून मग तो कोणता हे ठरवलं, तर मागच्या देखाव्याची पकड थोडी सैल होते.

२०२१ च्या ‘वाइल्ड्स’ या चाचणीसंचातही हेच दिसतं. त्यात ३२३ जागांवरची दोन लाखांहून अधिक छायाचित्रं आहेत. साध्या पद्धतीने शिकवलेल्या मॉडेलला ओळखीच्या जागी १०० पैकी ४७ गुण मिळाले, नव्या जागी ३१.

म्हणून आमचा पहिला नियम ठरवून टाकला. परीक्षेसाठी चित्रं सगळ्या ढिगातून उचलायची नाहीत, आख्खी वस्तीच बाजूला ठेवायची. एकाच कॅमेऱ्याने एका मिनिटात काढलेली दोन चित्रं, एक शिकवायला आणि एक परीक्षेला, अशी वाटली तर ती परीक्षा राहत नाही.

२७ जून, नारायणगावच्या पुढची एक वस्ती

कॅमेरे बांधले. आडसाली उसाची लागण अजून व्हायची आहे, पण मागच्या हंगामातला ऊस डोक्याच्या वर गेलेला. दोन मळ्यांमधल्या बांधावर एक, गोठ्याच्या मागच्या बाजूला एक, विहिरीच्या वाटेवर एक. उंची गुडघ्याएवढी, म्हणजे बिबट्याची कूस सरळ समोर येते. वनरक्षक दादा सोबत होते. कोणत्या वाटेने जनावर येतं हे त्यांना ठसे पाहून माहीत, त्यांनी दाखवलेल्या जागाच घेतल्या.

कॅमेऱ्याला जाग येते ती उष्णतेने. अंगाची ऊब असलेलं काही समोरून सरकलं, की त्याचा सेन्सर चित्र काढायला लावतो. एप्रिलच्या दुपारी हवा आणि अंग सारखंच तापलेलं असतं, तेव्हा तो हमखास चुकतो. जे सेन्सरने टिपलंच नाही ते मॉडेलपर्यंत पोचणार नाही, हेही हिशेबात धरायला हवं.

वस्तीवरच्या आजींनी चहा दिला आणि विचारलं, “ताई, ह्यो कॅमेरा वाघाला वळाकतो, का आमच्या मोत्यालाबी वाघ म्हणंल?” मी त्यांना सांगितलं, तेच तपासायला आलोय. त्या म्हणाल्या, “आमाला तर दिसायच्या आधीच कळतं. कुत्री खाटंखाली शिरत्यात, शेरडं एका कोपऱ्यात गोळा व्हत्यात.” त्यांचं हे निरीक्षण मी जसंच्या तसं लिहून घेतलं. एका चित्रावर निर्णय न घेता लागोपाठची चार-पाच चित्रं पाहायला हवीत, याला त्यांच्या अनुभवाचा आधार आहे. प्राणी कसा शिरतो, आजूबाजूची जनावरं कशी वागतात, हे एका क्षणात मावत नाही.

त्यांच्या मुलाने मात्र काळजीचं सांगितलं. थ्री-फेज लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, अंधारातच जावं लागतं. भोंगा वाजला नाही म्हणजे बिबट्या नाही, असं लोक धरून चालतील. त्या वाक्याचं ओझं आमच्यावर आहे.

९ जुलै, पुणे

पावसाळ्यातली पहिली कार्डं उघडली. रात्रीची चित्रं इन्फ्रारेड उजेडात काढलेली, त्यामुळे सगळी करडी. पावसाचे थेंब भिंगाजवळून जाताना पांढऱ्या गोळ्यांसारखे उमटलेत. एका कॅमेऱ्यावर कोळ्याने जाळं विणलंय, त्याचे धागे चित्रभर चमकतात. दुसऱ्याच्या भिंगावर चिखल. ओल्या पानांवरून उजेड परततो आणि बिबट्या त्या पांढुरक्या पडद्यामागे उभा राहतो. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आलेल्या बिबट्याची कूस इतकी उजळली आहे की अंगावरचे ठिपके पुसले गेलेत, नुसता पांढरा आकार दिसतो. लांबच्या बिबट्याचे दोन डोळे तेवढे दिसतात, अंग अंधारात.

कोरड्या रात्री मॉडेलने बिबट्या बऱ्यापैकी पकडला. पावसाच्या रात्री ते पार कोसळलं. ठिपके गेलेला बिबट्या त्याला कुत्रा वाटला, काही वेळा तर काहीच वाटला नाही.

याचं कारण २०१९ मध्ये रॉबर्ट गायरहोस आणि सहकाऱ्यांनी छान उघड केलं होतं. मांजराच्या आकृतीवर हत्तीच्या कातडीचा पोत चढवला, तर माणूस मांजरच म्हणतो, इमेजनेट या मोठ्या चित्रसंचावर शिकलेलं मॉडेल मात्र हत्ती म्हणतं. अशी मॉडेलं आकारापेक्षा पोतावर जास्त विसंबतात. आमच्या मॉडेलसाठी बिबट्या म्हणजे ठिपके. लांब शेपटी, खाली झुकलेली मान, दबकी चाल यांच्याकडे त्याने कधी लक्षच दिलेलं नाही, कारण जंगलातल्या स्वच्छ चित्रांत ठिपक्यांवरच भागत होतं.

१६ जुलै, पुणे

मॉडेल नेमकं कशाकडे बघतं हे पाहायला दोन साध्या चाचण्या केल्या.

पहिलीत, चित्रातला बिबट्या काढून त्या जागी त्याच कॅमेऱ्याने काही मिनिटं आधी टिपलेला रिकामा तुकडा बसवला. जंगलातल्या काही पाणवठ्यांवर मॉडेलने तरीही कमी खात्रीची का होईना, बिबट्याची चौकट काढली. दुसरीत, जंगलातला स्पष्ट बिबट्या कापून गोठ्याच्या चित्रात, गव्हाणीशेजारी ठेवला. ठिपके जसेच्या तसे असूनही मॉडेलची खात्री लक्षणीय घसरली. गव्हाण, पत्रा, दोरी आणि त्यांच्यात बिबट्या, ही जोडी त्याच्या अनुभवात नाही.

अमीर रोझेनफेल्ड, रिचर्ड झेमेल आणि जॉन त्सोत्सोस यांनी २०१८ मध्ये दिवाणखान्याच्या चित्रात हत्ती चिकटवून असंच पाहिलं होतं. हत्ती जागेनुसार कधी सापडे, कधी नाही, आणि त्याच्या येण्याने चित्रातल्या इतर वस्तूंच्या ओळखीही बदलत. भोवतालावरून ओळखणं वाईट नाही, आपणही तेच करतो. पण आमच्या कामात भोवताल आणि बिबट्या यांची अनपेक्षित गाठ पडते, तोच क्षण धोक्याचा असतो. गोठ्यात बिबट्या असणं हीच तर ओळखायची गोष्ट आहे.

या दोन्ही चाचण्या आता प्रत्येक नव्या आवृत्तीला लावायच्या.

२ ऑगस्ट, माळशेजच्या अलीकडे

आज दिवसभर धुकं. कॅमेरे तपासून होईपर्यंत पुढचा बांध दिसत नव्हता.

प्रशिक्षणाच्या चित्रांत कृत्रिम धुकं, पाऊस, अंधार मिसळायचा, म्हणजे मॉडेल कणखर होईल, हा सर्वांत प्रचलित उपाय. तो उपयोगी आहे. क्लाउडिओ मिखाएलिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये चित्रं बिघडवण्याचे पंधरा प्रकार, प्रत्येकी पाच तीव्रतांचे, वापरून दाखवलं की नेहमीची मॉडेलं बिघडलेल्या चित्रांवर मूळ कामगिरीच्या ३० ते ६० टक्क्यांवर येतात. प्रशिक्षणाच्या चित्रांचा पोत बदलत ठेवला तर ही घसरण बरीच कमी होते, हेही त्यांनी दाखवलं.

पण कृत्रिम बिघाड खऱ्या बिघाडासारखा असायला हवा. ‘फॉगी सिटीस्केप्स’ या २०१८ च्या संचात मुख्यतः जर्मन शहरांच्या रस्त्यांवर धुकं चढवलंय ते अंतराच्या हिशेबाने: वस्तू जितकी लांब तितका तिचा उजेड घातांकी प्रमाणात घटतो आणि धुक्याचा रंग वाढतो. दृश्यता १५०, ३०० आणि ६०० मीटर अशा तीन पायऱ्या. दिवसाच्या धुक्याला हे सूत्र लागू पडतं. आमचं धुकं रात्रीचं आहे आणि उजेड कॅमेऱ्याच्याच पोटातून निघतो. तो जवळच्या थेंबांवर आपटून परततो. म्हणून चित्राचा पांढुरकेपणा दिव्याजवळ जास्त, आणि लांबच्या प्राण्यापर्यंत उजेड पोचतो तो अंतराच्या वर्गाने घटत. दिवसाचं सूत्र इथे लावलं तर मॉडेल भलत्याच धुक्याची तयारी करील.

रंगाचंही तसंच. दिवसाच्या चित्रातला रंग काढून टाकला की रात्रीचं चित्र तयार होत नाही. हिरवी पानं इन्फ्रारेड किरण जोराने परतवतात, म्हणून दिवसा गडद हिरवा दिसणारा ऊस रात्रीच्या चित्रात फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो. नुसत्या करड्या केलेल्या चित्रात तो काळपट राहतो. आम्ही आता पानांचा भाग वेगळा ओळखून तो उजळवतो, कडेकडे उजेड कमी करतो, थेंबांचे गोळे खऱ्या रिकाम्या चित्रांतून उचलून वर ठेवतो आणि कधीकधी मुद्दाम ठिपके धुऊन टाकतो. ठिपके नसतील तेव्हा मॉडेलला शेपटी आणि पाठीची रेषा पाहावीच लागते.

एक गोष्ट आज धुक्यात उभं राहून पटली. हे बदल कोणते करायचे ते संगणकासमोर बसून सुचत नाहीत. त्या जागी, त्या वेळी जावं लागतं.

२३ ऑगस्ट, मंचर

चौकटी आखायला इथली कॉलेजची मुलं-मुली बसली होती. त्यांची नजर आमच्यापेक्षा तयार आहे. उदमांजर, रानमांजर, कोल्हा, तरस, मुंगूस यांतला फरक ती अर्ध्या दिसलेल्या पायावरून सांगतात.

नियम ठरवले. शेपटी चौकटीत घ्यायची. उसाच्या पानांनी अर्धा झाकलेला प्राणी दिसतो तेवढाच घ्यायचा, अंदाजाने वाढवायचा नाही. नुसते डोळे दिसत असतील तर ‘अनिश्चित’ असं लिहायचं आणि आधी-नंतरची चित्रं पाहून दुसऱ्या व्यक्तीने ठरवायचं. प्रत्येक अवघड चित्र दोघांनी वेगवेगळं बघायचं. पावसाळी रात्रीच्या चित्रांवर दोन जाणत्या माणसांचंही एकमत होत नसेल, तर त्या चित्रांवर मॉडेलकडून परिपूर्णता मागता येणार नाही. तो मतभेद नोंदवून ठेवणं हाही अभ्यासाचाच भाग.

रिकामी चित्रंही तितकीच मोलाची. वाऱ्याने हललेलं पाचट, गोठ्यातली वासरं, पाठीवर पोतं घेतलेला माणूस, पावसात घोंगडं पांघरून बसलेलं कोणी. प्रत्येक वस्तीची अशी हजारो चित्रं मॉडेलला दाखवून सांगायचं, की यात बिबट्या नाही. देशाच्या २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रं मिळाली, त्यांत वाघांची ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७. कॅमेऱ्याच्या जगात बिबट्या असा विरळाच असतो. बिबट्या नसलेल्या चित्रांवर मॉडेल कसं वागतं यावरच भोंगा किती वेळा उगीच वाजेल ते ठरतं.

१४ सप्टेंबर, पुणे

गटात आज मोठी चर्चा झाली. एका सहकाऱ्याचं म्हणणं, अनोळखी परिस्थितीसाठी खास नव्या पद्धती निघाल्या आहेत, त्या घ्याव्यात. त्याने रस्त्यांवरच्या चित्रांचं उदाहरण दिलं. २०२२ मध्ये आमिंग वू आणि चेंग डेंग यांनी फक्त स्वच्छ दिवसाच्या चित्रांवर मॉडेल शिकवून ते धुकं, रात्र, संध्याकाळचा पाऊस आणि रात्रीचा पाऊस यांवर तपासलं. त्यांच्या सुधारलेल्या पद्धतीलाही स्वच्छ दिवशी ५६ गुण आणि रात्रीच्या पावसात १७ च्या आत. पुढच्या वर्षी चित्र आणि भाषा एकत्र शिकलेल्या ‘क्लिप’ या मॉडेलचा आधार घेऊन, ‘रात्रीचा पाऊस’ अशा शब्दांनीच त्या परिस्थितीची कल्पना देणारी पद्धत आली. धुक्यातले गुण ३३ वरून ३८ च्या पुढे गेले, रात्रीच्या पावसातले मात्र १९ च्याही आत राहिले.

मी दुसरा निबंध पुढे ठेवला. इशान गुलराजानी आणि डेव्हिड लोपेझ-पाझ यांनी २०२० मध्ये सात संचांवर अनेक खास पद्धती आणि साधं प्रशिक्षण यांची सारख्याच काळजीने तुलना केली. नीट बसवलेलं साधं प्रशिक्षण कोणाच्याही फारसं मागे पडलं नाही. त्यांचा आणखी एक आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो: कोणती आवृत्ती निवडायची हे परीक्षेची चित्रं पाहून ठरवायचं नाही. अनोळखी जागेची तयारी करताना तिच्याकडेच चोरून पाहिलं, तर ती अनोळखी उरत नाही.

शेवटी एकमताने ठरलं ते असं. पाया म्हणून मेगाडिटेक्टर. तो जगभरच्या कॅमेऱ्यांवर शिकलेला आहे आणि प्राणी, माणूस, वाहन एवढंच सांगतो. इतक्या वेगवेगळ्या जागा पाहिल्यामुळे ‘इथे काहीतरी प्राणी आहे’ हे तो नव्या जागीही चांगलं ओळखतो. त्याच्या चौकटीतला तुकडा आमचं छोटं मॉडेल पाहील आणि बिबट्या आहे का ते सांगेल. ते शिकवताना शेवटच्या अनेक टप्प्यांवरच्या वजनांची, म्हणजे मॉडेलच्या आतल्या शिकलेल्या आकड्यांची, सरासरी घ्यायची, एकाच टप्प्यावर विसंबायचं नाही. आणि वेळ, पैसा, माणसं यांतला मोठा वाटा नव्या वस्त्या, नवे ऋतू, नवे कॅमेरे यांची चित्रं जमवण्यावर खर्चायचा. एकाच वस्तीची आणखी दहा हजार चित्रं जमवण्यापेक्षा दहा नव्या वस्त्यांची थोडीथोडी चित्रं जास्त शिकवतात, हे आमच्या प्रत्येक फेरीत दिसतंय.

९ नोव्हेंबर, शिरूर तालुका

गळीत हंगाम सुरू झाला. आठवड्यापूर्वी जिथे उसाची भिंत होती तिथे आज मोकळं रान. कॅमेरा तोच, खांब तोच, आणि समोरचं जग पूर्ण बदललेलं. पाचट पेटवल्याचा धूर, ट्रॅक्टरचे दिवे, पहाटेच्या अंधारात डोक्याला विजेरी बांधलेले ऊसतोड मजूर, त्यांच्या कोप्या, बैलं, खेळणारी मुलं. आसरा तुटलेला बिबट्या याच दिवसांत जागा बदलतो, उसात बछडी सापडतात ती याच दिवसांत. सूचना सर्वांत जास्त हवी असते तेव्हाच देखावा मॉडेलला सर्वांत अनोळखी असतो.

ऑगस्टमध्ये चांगलं चालणारं मॉडेल इथे विजेरीच्या झोताला डोळे समजू लागलं. म्हणून दुसरा नियम पहिल्याशेजारी लिहिला: परीक्षेसाठी आख्खी वस्ती बाजूला ठेवायची तसा आख्खा हंगामही बाजूला ठेवायचा. पावसाळ्यात शिकून तोडणीच्या दिवसांत परीक्षा द्यायची.

तोडणीच्या टोळीतल्या एका ताईंनी विचारलं, “आमच्या कोप्यांपाशी बसवणार का ओ ह्ये?” त्यांची लेकरं रात्री उघड्यावर झोपतात. कोप्या दर काही दिवसांनी हलतात, त्यामुळे त्यांच्यासाठी प्रत्येक जागा नवीच. अनोळखी जागेतही चालणाऱ्या मॉडेलची सर्वांत जास्त गरज कोणाला आहे, ते आज समोर दिसलं.

२८ नोव्हेंबर, पुणे

किती खात्री असली की भोंगा वाजवायचा? हा आकडा एका जागेवरून दुसऱ्या जागी उचलून नेता येत नाही. मेगाडिटेक्टरच्या चौथ्या आवृत्तीला ०.८ हा उंबरठा सुचवला जात असे, पाचवीला ०.२ च्या आसपास. एकाच घराण्यातल्या दोन आवृत्त्यांत इतका फरक, तर उन्हाळी रात्र आणि पावसाळी रात्र यांना एकच आकडा कसा पुरेल?

उंबरठा खाली आणला तर भोंगा वारंवार वाजतो आणि लोक तो बंद करून टाकतात. वर नेला तर बिबट्या निसटतो. एका वस्तीवर दुसऱ्या कोणी बसवलेलं यंत्र असंच पोत्यात गुंडाळून ठेवलेलं पाहिलं, कुत्र्यांवरच वाजायचं म्हणे. विश्वास एकदा गेला की खऱ्या सूचनेलाही कोणी उठत नाही.

आम्ही यंत्राला तिसरं उत्तर द्यायला शिकवतोय. ‘बिबट्या आहे’, ‘बिबट्या नाही’ आणि ‘मला नीट दिसत नाही’. भिंगावर चिखल आहे, धुकं दाट आहे, जाळं आहे, चित्र शिकवलेल्या कोणत्याच चित्रांच्या जवळ जात नाही, असं असेल तर यंत्राने गप्प बसायचं नाही. पिवळा दिवा लावायचा, म्हणजे वस्तीला कळेल की आज कॅमेऱ्यावर विसंबू नये, विजेरी आणि सोबत घेऊन निघावं. या कामातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो. मॉडेल कितीही सुधारलं तरी न पाहिलेली एखादी रात्र येणारच. त्या रात्री आपल्याला दिसत नाही हे त्याने सांगितलं पाहिजे.

३ जानेवारी, जुन्नर तालुका

बाजूला ठेवलेल्या वस्तीची परीक्षा झाली, आणि निकाल गावच्या बैठकीत वाचून दाखवला. कोरड्या रात्री यंत्र भरवशाचं आहे. पावसात जुलैपेक्षा पुष्कळ सुधारलं, पण एकट्यावर सोपवावं इतकं नाही. दाट धुक्यात पिवळा दिवाच जास्त वेळ लागतो. हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. सरपंचबाई म्हणाल्या, “कुठं चालत नाही ते आधी सांगितलंत, म्हणून ठेवू.”

दर महिन्याला नवी कार्डं येतील, दर हंगामाला नवी वस्ती बाजूला राहील, परीक्षा पुन्हा होईल. हे काम संपणारं नाही आणि तसं समजूनच ते करायला हवं.

राज्यात आता अनेक ठिकाणी अशी यंत्रं बसवली जात आहेत. ती बसवणाऱ्यांना, मंजूर करणाऱ्यांना आणि ज्यांच्या दारात ती येतात त्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे. एकच मोठा टक्का ऐकून समाधान मानू नका. तीन आकडे मागा: कधी न पाहिलेल्या वस्तीत, पावसाळी रात्री किती बिबटे सापडले, रात्रीतून किती वेळा भोंगा उगीच वाजला, आणि किती तास यंत्राला दिसतच नव्हतं. हे तीन आकडे दाखवू न शकणारं यंत्र कोणत्याही वस्तीने दारात बसवून घेऊ नये.